गढूळ पाण्यातला गळ

मासे गळाने कसे धरावेत यावर पुस्तक लिहायचं आणि तेही कामोठ्यात बसून, म्हणजे पहिला प्रश्न ठरलेलाच: तिथे समुद्र कुठे आलाय? लोकांच्या डोक्यात कामोठे म्हणजे हार्बर मार्गावरचं मानसरोवर स्टेशन, सायन-पनवेल महामार्गाला लागून उभ्या इमारती आणि जुलैत सेक्टरांमध्ये पाणी साचल्याच्या बातम्या. खारघर सोडून लोकल मानसरोवरकडे निघते तेव्हा रुळांखालून खाडी जाते, पण डब्यातली बहुतेक मंडळी त्या वेळी मोबाइलमध्ये असतात. ही तळोज्याकडून उतरणारी खाडी. ती पुढे पनवेलच्या खाडीला मिळते. माथेरानच्या डोंगरातून आलेली गाढी नदीही तिथेच येऊन खारट होते, आणि हे सगळं पाणी एका हाताला बेलापूर, दुसऱ्या हाताला उलवे ठेवून मुंबई बंदराच्या पाण्याला जाऊन भिडतं. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने याच वाटेने पनवेल बंदरात उतरे आणि मग बोरघाटाचा रस्ता धरे. समुद्र कुठे आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नसे.

पुस्तकाचा विषय मात्र खाडीच्या इतिहासाहून फारच लहान, बोटाच्या पेराएवढा आहे. गळाच्या मानेभोवती ओतलेला शिशाचा गोळा, म्हणजे जिग, आणि त्या गळावर ओवलेलं खरं आमिष: कोळंबी, माकुलाची पट्टी, बोईटाचा तुकडा. ते तळापर्यंत सोडायचं, हलकेच वीतभर उचलायचं, पुन्हा तळाला टेकू द्यायचं. कृती एवढीच. तरीही तिच्यात पाण्याचा वेग, माशाचं नाक, चंद्राची तिथी आणि गाळाची जात अशा चार गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात, आणि त्यातली एक सुटली की दिवसभर खेकडे आमिष खात बसतात.

कोकणातल्या जुन्या गरीत गळ आणि शिसं वेगळे असतात. तंगुसाच्या टोकाला वजन, त्याच्या थोडं वर किंवा खाली फांद्यांसारखे काढलेले गळ. किनाऱ्यावरून दूर फेकायला आणि काठी टेकवून वाट पाहायला ही मांडणी उत्तम. पण तिच्यात हाताचा आणि गळाचा थेट संबंध राहत नाही. मध्ये वजन येतं. मासा आमिष चाखतो, ओढतो, टाकून देतो, आणि ही बातमी काठीपर्यंत पोचेस्तोवर तो निघून गेलेला असतो. जिगमध्ये वजन गळालाच चिकटलेलं असतं. तंगूस बांधायचा डोळा शिशाच्या वरच्या अंगाला असतो, त्यामुळे जिग तळावर बसतो तेव्हा गळाचं टोक आभाळाकडे राहतं. तिवरांच्या मुळांत, कालवांच्या थरात, कोणीतरी फेकून दिलेल्या सिमेंटच्या गोणीत तो अडकतो, पण उघड्या गळाच्या मानाने बराच कमी. आणि तोंड लागल्याचं बोटाला तत्क्षणी कळतं.

हा प्रकार परदेशातून आला, असं आमच्याकडची हौशी मंडळी धरून चालतात. जिग आला असेलही. पण तो आला तेव्हा आमिषाविना आला. ऑनलाइन खरेदी सोपी झाली तशी रबरी मासे, शेपटी हलवणारे किडे, चमचमत्या धातूच्या पट्ट्या घरोघरी पोचल्या. त्यांच्या जाहिरातीत पाणी निळंशार असतं. मालवणच्या खडकांवर किंवा रत्नागिरीच्या बाहेर, जिथे पाणी नितळ असतं आणि गोबरा कपारीतून डोळे लावून बसलेला असतो, तिथे या वस्तू आपलं काम करतात. आमच्या खाडीत कोपरापर्यंत हात बुडवला की बोटं दिसेनाशी होतात. खाडीकाठच्या एका वयस्कर दादांनी माझ्या शेजारच्या मुलाची नवी कोरी पेटी उघडून पाहिली, एक हिरवा रबरी मासा चिमटीत धरला आणि म्हणाले, "यो रबर कोन खाल रं? कोलंबी लाव." मुलाने कोळंबी लावली, पण जिग सोडला नाही. हे पुस्तक त्या दोघांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

गढूळ पाण्यात मासा कसा जेवतो, हे समजल्याशिवाय त्या जागेचा अर्थ लागत नाही. मुंबई बंदरात उधाणाला पाण्याची पातळी सुमारे पाच मीटर वरखाली होते. एवढं पाणी दिवसातून दोनदा अरुंद खाडीत शिरतं आणि दोनदा बाहेर पडतं. मऊ चिखलाचा तळ त्यात सतत ढवळला जातो. अशा पाण्यात डोळ्यांवर भरवसा ठेवणारा मासा उपाशी मरेल. म्हणून इथल्या तळाच्या माशांनी दुसरी इंद्रियं वाढवली आहेत. शिंगाळ्याच्या मिशा या चवीच्या मिशा आहेत. त्यांच्यावर, ओठांवर आणि अंगाच्या कातडीवरही चव कळणारे कण असतात. म्हणजे तो तोंड न उघडता चाखतो. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेली एक संवेदनशील रेघ पाण्यातली थरथर टिपते. ढोम्याच्या कुळातले मासे तर पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून घुमतात आणि एकमेकांचं घुमणं ऐकतात.

आता जिगचा विचार करा. शिशाचा गोळा तळाला टेकतो तेव्हा चिखलात एक बारीक ठोका उमटतो, धुरळ्याची लहानशी फुंकर उठते. ती थरथर माशाला बोलावते. मासा जवळ येतो, आणि मग पुढचा निर्णय तो वासावर घेतो. तिथे रबर असेल तर तो वळून जातो. तिथे सोललेली कोळंबी असेल तर काम झालं. नुसतं आमिष तळाला निपचित टाकलं तर ते सापडायला वेळ लागतो आणि तोवर खेकडे ते संपवतात. नुसता जिग नाचवला तर मासा येतो आणि हात हलवत परत जातो. दोन्ही एकत्र आले की हाक आणि जेवण एकाच जागी येतात. माझ्या मते या सगळ्या विद्येत समजून घ्यायचा मुद्दा हा एकच. बाकीचं गाठी आणि सराव.

आमिषाचा वास मात्र पाण्यात धुतला जातो, आणि हौशी माणूस इथेच आळस करतो. अर्ध्या तासापूर्वी लावलेली पांढरी पडलेली कोळंबी तशीच पुन्हा पाण्यात सोडणारे लोक मी रोज पाहतो. ती कोळंबी आता रबरच झालेली असते. पुढच्या एका प्रकरणात आमिषावर लिहिताना मी जरा हात सैल सोडला आहे: कोळंबीला आदल्या रात्री मीठ लावून घट्ट कशी करावी, माकूल चिवट असल्याने गळावर जास्त वेळ का टिकतो, बोंबील कितीही वासाचा असला तरी गळावर का राहत नाही, जिवंत निवटी कुठे टोचली तर ती तडफडत राहते. शेवटचं वाचून काहींना कसंसं होईल. ज्यांना होईल त्यांनी माकूल वापरावा.

आमिष आणि वजन एकत्र बांधायची कल्पना अनेक किनाऱ्यांवर वेगवेगळी सुचलेली दिसते. जपानमध्ये 'तेन्या' नावाचा प्रकार आहे. शिशाचं डोकं, त्याला गळ आणि गळावर अख्खी कोळंबी. लाल समुद्री ब्रीमसाठी तो तळाशी सोडतात. आणि आपल्या वाकटीच्या जातभाईसाठी लांबट तेन्यावर मासा तारेने बांधतात. उलट उदाहरण न्यूफाउंडलंडच्या कॉड मच्छीमारांचं. त्यांचा जिगर म्हणजे माशाच्या आकाराचं शिसं आणि खाली दोन मोठे उघडे गळ. आमिष नाही. कॉडचे थवे इतके दाट असायचे की दोरी झटक्याने वर ओढली की गळ कुठेतरी, पोटात, पाठीत, शेपटीत रुतायचा. हे धरणं नव्हे, भोसकणं. आणि जखमी होऊन सुटलेला मासा मरायचा तो वेगळाच. आमिष लावलेल्या गळाला मासा स्वतःच्या तोंडाने येतो, हा फरक मला नीतीच्या दृष्टीने फार मोठा वाटतो, जरी माशाला शेवटी त्याचं काय, असं कोणी म्हणू शकेल.

आपल्याकडची जुनी नोंद शोधायला फार लांब जावं लागत नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या आसपास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावं, कसं नटावं, हत्ती कसे पारखावेत, कोणते खेळ खेळावेत हे सगळं त्यात आहे, आणि त्या खेळांत 'मत्स्यविनोद' या नावाने गळाच्या मासेमारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचा आहार, दोर, काठी आणि कोणत्या माशाला कोणतं आमिष हे त्यात सांगितलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहून ते अभ्यासकांपुढे आणलं. मराठी मुलखाचा मोठा भाग तेव्हा याच राजाच्या छत्राखाली होता. गळ टाकून बसणं हा गोऱ्या साहेबांनी शिकवलेला छंद आहे, ही समजूत एच. एस. थॉमस यांच्या १८७३ च्या 'द रॉड इन इंडिया' या पुस्तकापासून घट्ट झाली असावी. ते पुस्तक चांगलंच आहे, पण त्याच्या आधी साडेसातशे वर्षं कोणीतरी आमिषाची यादी करून ठेवली होती.

तरीही माझे खरे गुरू ग्रंथांतले नव्हेत. खाडीवर वेळ ठरवायला पंचांग लागतं, घड्याळ नंतर. कोळी-आगरी माणसाचा हिशोब तोंडपाठ असतो: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पहाटे आणि दुपारनंतर दोन्ही वेळा लागू, मधलं अंतर बारा तासांहून थोडं जास्त. हा हिशोब मुंबईच्या किनाऱ्याचा. पाणी आत पनवेलपर्यंत यायला आणखी वेळ घेतं, तेवढी सूट धरायची. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिनिटांसकट मिळतात, पण तक्ता पाहणाऱ्याला आज भरती कधी एवढंच कळतं. तिथी मोजणाऱ्याला आज पाण्याला जोर किती हेही त्याच क्षणी कळतं. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ उधाण, अष्टमीच्या जवळ भांग.

आणि जिगचं वजन ठरतं ते या जोरावरूनच. उधाणाच्या ऐन ओहोटीत दहा ग्रॅमचा जिग तळाला टेकतच नाही. तंगूस तिरका होत होत प्रवाहाच्या दिशेला आडवा पडतो आणि आमिष मधल्या पाण्यात, जिथे जेवायला कोणी येत नाही, तिथे तरंगत राहतं. मग माणूस चाळीस ग्रॅमचा जिग लावतो. तो टेकतो, पण चिखलात रुतून बसतो आणि मासा तो तोंडात घेताच जडपणा ओळखून थुंकून टाकतो. तळाला जेमतेम टेकेल एवढंच वजन, ही रेघ दर अर्ध्या तासाला सरकते. म्हणून शहाणा माणूस भांगाचे दिवस निवडतो, किंवा उधाणाच्या दिवशी पाणी वळतानाचा तो थोडा वेळ, जेव्हा खाडी श्वास रोखल्यासारखी थांबते. सोमवार ते शुक्रवार नोकरी करणाऱ्याला हे जमत नाही. त्याला मिळतो रविवार, आणि रविवारी चंद्र आपल्या सोयीने येत नाही. कामोठ्यातल्या हौशी माणसांच्या बऱ्याच रिकाम्या पिशव्यांचं कारण मला एवढंच दिसतं.

मासे कोणते, याची यादी पुढे आहेच. इथे दोघांबद्दलच लिहितो, कारण गळ आणि जाळं यांतला फरक त्यांच्यामुळे मला उमगला. पहिला शिंगाळा. बाजारात त्याला फारसा मान नाही, आणि हौशी लोक तर तो लागला की तोंड वाकडं करतात. एक तर त्याचे पाठीवरचे आणि कल्ल्यांमागचे काटे करवतीसारखे आणि विषारी असतात. काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टर गाठावा. हळद लावून घरी बसू नये. पण या माशाचा संसार पाहण्यासारखा आहे. मादी गोटीएवढी मोठी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. अंडी फुटून पिल्लं स्वतंत्र होईपर्यंत, कित्येक आठवडे, तो ती तोंडातच सांभाळतो आणि त्या काळात काही खात नाही. पर्ससीन जाळी पश्चिम किनाऱ्यावर आल्यानंतर अशा तोंडात अंडी धरलेल्या नरांचे थवेच्या थवे एका ओढीत उचलले गेले, आणि शिंगाळ्याच्या ऱ्हासामागचं ते एक मोठं कारण संशोधकांनी मानलं. आता गळाकडे पाहा. उपाशी राहणारा बाप आमिषाला तोंड लावत नाही. कोणताही कायदा न करता, कोणताही आकार न ठरवता, गळ त्याला वगळतो. गळाला फक्त भूक कळते.

दुसरा जिताडा, रायगडच्या माणसाचा देव. पेण-अलिबागकडे शेततळ्यात जिताडा वाढवून पाहुण्यासाठी राखून ठेवायची रीत होती. हा मासा आयुष्याची पहिली काही वर्षं नर असतो आणि पुढे मादी होतो. म्हणजे जो मोठा जिताडा हातात धरून फोटो काढला जातो, तो बहुधा अंडी देणारी मादीच. इथे गळाचा न्याय उपयोगाचा नाही, कारण भूक तिलाही असते. इथे माणसालाच ठरवावं लागतं. लहान जिताडा सोडावा हे सगळे सांगतात, फार मोठाही सोडावा हे कोणी सांगत नाही, कारण त्याचे किलोमागे पैसे डोळ्यांपुढे नाचतात. मी या पुस्तकात ते स्पष्ट लिहिलं आहे आणि त्यावरून मला बोलणी बसणार आहेत. जिताड्यासाठी जाड्या तारेचा वळलेला, टोक आत झुकलेला गळ सुचवला आहे. तो घशात न उतरता जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, म्हणजे सोडलेला मासा जगण्याची शक्यता राहते. ओहोटी लागल्यावर खारबांधाच्या उघाडीतून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी तो कोळंबीची वाट पाहत थांबतो. इथे जिग तळाला न टेकवता टेकल्या-न-टेकल्यासारखा वाहू द्यायचा.

घोळीचं स्वप्न पाहणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळी मिळाल्या आणि त्या १ कोटी ३३ लाखांना गेल्या. घोळीच्या पोटातल्या पिशवीला, भोताला, परदेशात सोन्याचा भाव आहे. ती बातमी आल्यावर आमच्याकडे काठ्यांची खरेदी वाढली, पण त्या घोळी खोल समुद्रातल्या जाळ्यात सापडल्या होत्या, मानसरोवर स्टेशनमागच्या चिखलात नव्हे.

आता पाण्याबद्दल, जे टाळून हे पुस्तक लिहिता आलं असतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठची भातशेती, मिठागरं, खाजणं भराव टाकून शहर झाली. कामोठे त्यातूनच उभं राहिलं आणि मी राहतो ती इमारतही, त्यामुळे तक्रार करताना माझा आवाज थोडा खाली येतो. समोरच्या काठावर विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्या विमानतळाचं उद्घाटन झालं. काठ हलले की खाडीच्या तळाची घडणही बदलते: जिथे खोल पाणी होतं तिथे गाळ चढतो, जिथे उथळ होतं तिथे खरवड होते. जुन्या माणसांनी मनात जपलेला तळाचा नकाशा चुकू लागतो. न्हावा-शेवा बंदराच्या कामांनी उरणकडच्या कोळ्यांचं काय झालं, याचा हिशोब राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये केला आणि १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. गळ टाकणाऱ्या हौशी माणसाने हा आकडा डोक्यात ठेवावा. त्याचा रविवार वाया जातो तेव्हा बाकीच्यांचा महिना गेलेला असतो.

मग कासाडी नदी. तळोजा औद्योगिक वसाहतीतून ती खाली येते आणि कामोठ्याच्या अंगाने खाडीला मिळते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्याची भटकी कुत्री निळी झाल्याचे फोटो जगभर फिरले. रंगाच्या पाण्यात ती उतरली होती. लोक हसले. कुत्री निदान दिसली. त्याच पाण्यात तळाशी मिशांनी चाखत फिरणाऱ्या शिंगाळ्याचा फोटो कोणी काढला नाही. जड धातू गाळात बसतात, गाळातले किडे ते खातात, आणि तळाचा मासा ते किडे खातो. हा क्रम पाठ्यपुस्तकातला आहे. म्हणून मी तळोज्याच्या अंगाला लागलेला मासा खात नाही, सोडून देतो, आणि इतरांनाही तसं सांगतो. कोणी विचारतं, मग धरतोच कशाला? याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र पाहिलं आहे की तळाला गळ टाकणाऱ्याला पाण्यातला बिघाड काठावर चालायला येणाऱ्यांच्या आधी कळतो. आमिष जसंच्या तसं परत येऊ लागतं, खेकडेही शिवत नाहीत, आणि मग दोन दिवसांनी वास येतो.

पाण्यात विष कालवण्यात आपला वाटाही आहे, आणि तो शिशाचा. जिग तुटतात. कितीही जपलं तरी तिवरांच्या मुळांना दर खेपेला काही ना काही अर्पण होतं. शिसं वापरण्याची कारणं उघड आहेत: ते ३२७ अंशांवर, घरच्या चुलीवर वितळतं, स्वस्त असतं, आणि पाण्याच्या अकरापट जड असल्याने लहान गोळ्यात पुरेसं वजन बसतं. पण चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी खड्यांबरोबर शिशाचे बारीक गोळेही गिळतात, ते पोटातल्या पेषणीत घासले जातात आणि पक्षी हळूहळू मरतो. इंग्लंडमध्ये हंस असे मरू लागल्यावर १९८७ पासून गळाच्या लहान शिशाच्या वजनांची विक्री बंद करण्यात आली. आपल्या शेजारच्या ठाणे खाडीत रोहितांचे थवे उतरतात. तिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मी शिसं सोडा म्हणत नाही, कारण टंगस्टन बहुतेकांच्या खिशाला परवडत नाही. तो शिशाहूनही जड, म्हणजे गोळा आणखी लहान होतो, हे खरं. बिस्मथ त्याहून हलकं, पण घरी ओतता येतं. लोखंडी नट वापरून जिग कसा बनवावा हेही एका प्रकरणात आहे. तो दिसायला ओबडधोबड असतो आणि गंजतो, पण आमच्या पाण्यात तो पाहणार कोण? शिसं वापरायचंच असेल तर बारीक गोळ्यांपेक्षा मोठा जिग बरा, आणि ते घरात स्वयंपाकघरात वितळवू नये. धूर पोरांच्या अंगात जातो.

या पुस्तकात दोन गोष्टी मुद्दाम नाहीत. मासे धरलेल्यांचे फोटो नाहीत, कारण त्यांवरून कोणी काही शिकल्याचं पाहिलेलं नाही. आणि जागांचे पत्ते नाहीत. कोणत्या पुलाखाली, कोणत्या सेक्टरच्या मागे, कोणत्या उघाडीजवळ, हे मला विचारणारे रोज भेटतात. ज्या जागा मला ठाऊक आहेत त्या मला पनवेल कोळीवाड्यातल्या आणि खाडीकाठच्या गावांतल्या लोकांनी दाखवल्या, आणि त्यांचं पोट तिथे आहे. नकाशावर खूण करून दिली की महिन्याभरात तिथे पन्नास काठ्या उभ्या राहतात आणि तिवरांत बिअरच्या बाटल्या. त्यापेक्षा पाणी कसं वाचावं हे मी दिलं आहे: प्रवाहात कुठे भोवरा पडतो, ओहोटीला चिखलावर खेकड्यांची बिळं कुठे दाट दिसतात, बगळे कोणत्या पाण्यात उभे राहतात. त्यावरून जागा ज्याची त्याने शोधावी, आणि शोधताना तिवरं तोडून वाट करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांच्या नाशाला नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरचा घाला ठरवलं आहे, पण कोर्टाचं भय नसलं तरी करू नये.

एक नियम मात्र सक्तीचा समजा. डोलीचे खुंट किंवा पाण्यात लावलेलं कोणाचंही जाळं दिसलं तर त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जिकडून येतो तिकडे, गळ टाकायचा नाही. तुटलेला जिग वाहत जाऊन जाळ्यात बसतो, आणि तो सापडतो अंधारात जाळं ओढणाऱ्या माणसाच्या तळहाताला. तंगूस तुटू नये यासाठी गाठ नीट हवी. म्हणून पहिलं प्रकरण गाठींचं आहे. ते कंटाळवाणं आहे, तरी गाळू नका.